पाचव्या सेकंदाला आलेलं उत्तर

अकरा आठवडे मी एका वहीत नोंदी ठेवल्या. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाशी मी आज बोलले का, काय बोलले, पुढे काय झालं, एवढंच त्यात असायचं. मी ग्रंथालयात तालिकीकरणाचं काम करते, नोंदी ठेवायची सवय हातात मुरलेली आहे, म्हणून हे जमलं. ती वही नुकतीच पुन्हा वाचली आणि हे सगळं सलग लिहून काढावंसं वाटलं. लाजऱ्या माणसाला "जरा धीर कर, बोलून टाक" याखेरीज दुसरा सल्ला सहसा मिळत नाही. माझ्या बाबतीत धीर तर मी तिसऱ्याच दिवशी केला होता. अडलं होतं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण सापडायला मला पाच आठवडे लागले. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना हे वाचून दाखवलं आहे आणि त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे.

खोलीत दोन टेबलं. एकावर माझा संगणक आणि नोंदणीसाठी आलेल्या पुस्तकांच्या चळती. दुसऱ्यावर खळीचं भांडं, मेणाचा गोळा, दाभण, पुठ्ठ्यांचे तुकडे, आणि भिंतीला लागून पुस्तकं दाबून ठेवायचा शिकंजा. तिथे आमचे बाइंडर बसतात. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. जीर्ण पुस्तकं त्यांच्याकडून नीट होऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांची नोंद करते. म्हणजे दिवसातून दहा-बारा वेळा पुस्तक त्यांच्या हातातून माझ्या हातात येत होतं. तरी माझी या खोलीत बदली झाल्यावर पहिल्या महिन्यात आमच्यात "इथे ठेवू?" आणि "हो" याच्यापलीकडे काही झालं नव्हतं.

माझ्यासारख्यांना मराठीत मुखदुर्बळ म्हणतात आणि तो शब्द मला अगदी नेमका वाटतो. मनात वाक्य तयार असतं. ओठांपर्यंत येतं आणि थबकतं. छाती धडधडते, कानाच्या पाळ्या तापतात, आणि बोलण्याआधी ते वाक्य आणखी एकदा घोकून घ्यावंसं वाटतं. घोकून होईतो वेळ गेलेली असते. काकांसाठी खोलीबाहेर जे शब्द कानावर यायचे ते मात्र निराळे होते. घुम्या. तुसडा. एकदा तर माणूसघाणा. माझं गप्प राहणं ही दुर्बळता आणि त्यांचं गप्प राहणं ही स्वभावातली खोट! तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचं आज वाईट वाटतं. गप्प माणसाच्या आत काय चाललंय हे बाहेरून दिसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं?

जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली लाजाळूपणा आणि माणसांची ओढ या दोन गोष्टी वेगळ्या काढून मोजल्या. ओढ कमी म्हणून माणूस लाजतो, असं नसतं. उलट, ज्यांना माणसं हवी असतात आणि लाजही वाटते त्यांचीच अनोळखी माणसासमोर सर्वाधिक ओढाताण होते, असं त्यांना दिसलं. मी या गटातली. त्याआधी १९७० च्या दशकात फिलिप झिंबार्डो यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या पाहणीत साधारण ४० टक्के लोकांनी आपण लाजाळू असल्याचं सांगितलं होतं. हे आकडे मी कधीतरी वाचलेले होते. पण समोरचा गप्प माणूस त्याच ४० टक्क्यांतला असू शकतो, हा विचार मनाला शिवला नव्हता. लाज वाटत असताना डोक्यात दुसऱ्या माणसाला जागाच उरत नाही. आपला आवाज कसा येतोय, चेहरा लाल झालाय का, हात कुठे ठेवू, यातच सगळं लक्ष अडकून पडतं.

पहिले पाच आठवडे

वहीतल्या सुरुवातीच्या नोंदी लहान आहेत.

"बुधवार. मी: आज फार उकडतंय ना? काका: हो."

"शुक्रवार. मी: हे पुस्तक खूप जुनं दिसतंय. काका: हं. मी: बरंच फाटलंय का? काका: थोडं."

"हो" किंवा "नाही" म्हणून संपणारे प्रश्न विचारले की संभाषण तिथेच संपतं, एवढं मला लवकरच कळलं. म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी प्रश्न वाढवले. इथे किती वर्षं आहात, कुठे राहता, घरी कोण कोण असतं, हे काम कुठे शिकलात. एकापाठोपाठ एक. रात्री तयारी करून यायचे आणि सकाळी म्हणून दाखवायचे. काकांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं, एकेका शब्दात, आणि मग हातातलं पुस्तक घेऊन ते खिडकीपाशी गेले. "तिथे उजेड बरा आहे," म्हणाले. आज ती पानं वाचताना दिसतं की मी बोलत नव्हते, अर्ज भरून घेत होते. ज्या माणसाशी कालपर्यंत दोन शब्द झाले नाहीत त्याने आज घरच्यांची माहिती का द्यावी?

चौथ्या आठवड्यात मी सर्वांत वाईट वाक्य बोलले. हसत हसत, मोकळेपणाने बोलल्यासारखं: "काका, तुम्ही फारच कमी बोलता हो!"

त्यांनी मान वर केली, थोडं हसले आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस वहीत काही नोंद नाही.

या वाक्यावर थोडं थांबते, कारण चांगल्या मनाची माणसंही ते सर्रास बोलतात. हेच वाक्य मी शाळेत ऐकलं आहे, लग्नकार्यात ऐकलं आहे, नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकलं आहे. त्याला उत्तर काय द्यायचं? "हो" म्हटलं तर आरोप कबूल केल्यासारखं होतं, "नाही" म्हटलं तर लगेच बोलून दाखवावं लागतं. आतापर्यंत माणूस नुसता गप्प होता, या वाक्यानंतर तो सगळ्यांसमोर गप्प ठरतो, आणि त्यापुढे त्याने तोंड उघडलं तर तीही एक घटना होते, "बघा, बोलला!" ज्याला आपलं अवघडलेपण कुणाच्या नजरेत भरू नये असं वाटतं, त्याच्या अवघडलेपणावरच हे वाक्य बोट ठेवतं. मला हे आतून माहीत होतं. तरी मी ते बोलले, कारण त्या क्षणी मला माझी शांतता सहन होत नव्हती आणि ती त्यांच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं होतं.

त्या आठवड्याच्या शेवटी मी लिहिलंय: "त्यांना मी आवडत नाही. हे आता सोडून द्यावं."

मंगळवार, सहावा आठवडा

त्या दिवशी आमचं नोंदणीचं सॉफ्टवेअर फार मंद चाललं होतं. नोंद साठवायचं बटण दाबलं की पडद्यावर गोल फिरत राहायचा, आणि नोंद झाल्याची खूण येईपर्यंत नजर हलवता यायची नाही, नाहीतर तीच नोंद दोनदा जायची. मी बटण दाबलं आणि त्याच वेळी, फारसा विचार न करता, काकांना विचारलं, "हा दोरा आधी मेणावरून का ओढता तुम्ही?"

एरवी मी लगेच पुढचं वाक्य जोडलं असतं. "मजबूत व्हावा म्हणून का?" किंवा "नाही, सहज विचारलं." पण डोळे पडद्यावर होते आणि मनात एकच चिंता, नोंद गेली की नाही. गोल फिरत होता. खोलीत दोरा मेणावरून जाण्याचा बारीक खरखर आवाज येत होता. तो थांबला.

"गुंतत नाही मग," काका म्हणाले.

मी अजून पडद्याकडेच बघत होते.

"आणि ताणून धरला की जागच्या जागी राहतो. जुजबंदीत फर्म्यामागून फर्मा शिवत जायचा असतो ना, मधेच दोरा सैल पडला तर आधीचं सगळं ढिलं होतं."

फर्मा म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, आणि असे फर्मे दोऱ्याने एकमेकांना शिवणं म्हणजे जुजबंदी. एका दमात एवढं ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मी नोंद विसरून त्यांच्याकडे वळले. त्यांच्या बोटांत दोरा तसाच ताणलेला होता, मेणाने थोडा पिवळसर झालेला, आणि ते तो मला दिसावा म्हणून उजेडात धरून होते.

दुसऱ्या दिवसापासून मी एक गोष्ट मुद्दाम केली. समोरच्या भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ आहे. काही बोलले की मी त्याच्याकडे बघायचे. काकांचं उत्तर कधी चौथ्या सेकंदाला यायचं, कधी पाचव्या, एकदा सातव्या. मग मी वहीची आधीची पानं उलटली. जवळजवळ प्रत्येक नोंदीत माझ्या प्रश्नानंतर माझंच दुसरं वाक्य होतं. मी दोन सेकंदही धीर धरत नव्हते. त्यांचं उत्तर निघेपर्यंत मी प्रश्न बदललेला असायचा, किंवा परत घेतलेला असायचा, किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकलेलं असायचं. त्यांना बोलायचं नव्हतं असं मी पाच आठवडे मानत आले होते. त्यांना बोलायला मी जागाच ठेवली नव्हती.

हे का होतं, यावर बरंच काम झालेलं आहे. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या दहा भाषांमधली संभाषणं तपासली. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आपला कान या वेगाला सरावलेला असतो. २०११ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की गटातल्या बोलण्यात नुसती चार सेकंदांची शांतता पडली तरी माणसाला आपण नकोसे झालो आहोत असं वाटू लागतं. आता माझं आणि काकांचं गणित मांडून पाहा. त्यांचं उत्तर पाचव्या सेकंदाला येणार आणि "मी यांना नकोय" ही भावना मला चौथ्या सेकंदापर्यंत येऊन गाठणार. लाजणारा माणूस गप्प माणसाशी बोलायला जातो तेव्हा नेमकं हेच घडतं. एक उत्तर शोधत असतो आणि दुसरा पळ काढत असतो.

वर्गातही हेच आढळलं आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांना प्रश्न विचारताना पाहिलं. बहुतेक शिक्षक मुलांना उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद देत होते. हा वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही आपणहून बोलू लागली. मुलं तीच होती, वर्गही तोच होता.

थांबणं ऐकायला सोपं वाटतं, पण पाच सेकंद काही न बोलता बसणं मला "आज उकडतंय ना" म्हणण्यापेक्षा कितीतरी जड गेलं. मला जमलं ते हातामुळे. प्रश्न विचारून टक लावून बघत राहिलं तर समोरच्यावर दडपण येतं आणि आपल्यावरही. म्हणून मी हातात काम ठेवू लागले. पुस्तकाची पानं मोजायची, शिक्का मारायचा. आमची टेबलं शेजारी-शेजारी आहेत, समोरासमोर नाहीत, याचाही उपयोग झाला. दोघांची नजर एकाच वस्तूवर असली की बोलणं त्या वस्तूवरून चालत राहतं आणि मध्ये थांबलं तरी कुणाला ओशाळं वाटत नाही.

आणखी एक बदल आपोआप झाला. मी प्रश्न कमी केले. सातव्या आठवड्यात एका जुन्या कोशाचा फर्मा सुटलेला दिसला. तो मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, याचा तिसरा फर्मा बाहेर आलाय." आणि जागेवर येऊन बसले. प्रश्नाला उत्तर देणं भाग पडतं. असं वाक्य नुसतं ठेवून देता येतं, वाटलं तर उचलावं. वीसेक मिनिटं काही झालं नाही. काकांनी कोश उघडला, कण्यावरून अंगठा फिरवला, आतल्या बाजूचा कागद नखाने थोडा उचलून पाहिला.

"हे मीच बांधलंय," ते म्हणाले. "नवा होतो तेव्हा."

मी शिक्का खाली ठेवला. काही बोलले नाही.

"खळ वाळायच्या आत शिकंज्यातून काढलं असणार. घाई असायची तेव्हा. साहेब मागे उभे राहायचे." मग पुढची चार-पाच मिनिटं ते बोलत होते. पहिल्या वर्षी वाकडे झालेले पुठ्ठे, रात्री जाऊन पुन्हा उसवलेली पुस्तकं, कुणाला न सांगता. मी मधे दोनदाच बोलले, "मग?" आणि "सगळं उसवलंत?" एवढंच.

नंतर मी केलेली चूक

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सात-आठ जण बसलेले असताना मी उत्साहाने म्हणाले, "काका, कालचं ते सांगा ना सगळ्यांना!" सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी हातानेच "काही नाही" अशी खूण केली. थोड्या वेळाने उठून गेले. पुढचे पाच दिवस आम्ही पुन्हा "इथे ठेवू?" वर आलो.

मी त्यांना वाईट हेतूने अडचणीत टाकलं नव्हतं, पण टाकलं हे खरं. एकट्याजवळ बोललेलं त्याच्या परवानगीशिवाय चारचौघांत काढणं हा विश्वास मोडण्याचाच प्रकार आहे. सहाव्या दिवशी मी म्हणाले, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं." आणि पुस्तकांकडे वळले. या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तसं काही नाही. पण इतक्या माणसांत माझं वाक्य पुरं होत नाही. मी सुरू करेपर्यंत दुसरं कुणीतरी सुरू करतं."

हे वाक्य मी वहीत तसंच्या तसं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन माणसांत मी जे त्यांच्याशी पाच आठवडे करत होते, तेच आठ माणसांत त्यांच्याशी कायम होत आलं होतं. वर्षानुवर्षं. आणि त्याला लोकांनी नाव दिलं होतं, घुम्या.

याच सुमारास त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. मी आले तेव्हा मी शिष्ट आहे असं त्यांना वाटलं होतं. मान खाली, कानात कायम हेडफोन. "म्हटलं, यांना कशाला उगाच त्रास द्या." ते हेडफोन मी लावायचे ते कुणी बोलायला आलं आणि आपल्याला बोलता आलं नाही तर निमित्त असावं म्हणून. स्वतःला वाचवण्यासाठी केलेली गोष्ट समोरच्याला "लांब राहा" असं सांगत होती. २०१८ साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच हळहळ आहे: नव्याने भेटलेली माणसं बोलून उठतात तेव्हा, आपण समोरच्याला जितके आवडलो असं त्यांना वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात ती जास्त आवडलेली असतात. दोन्ही बाजूंनी. आमच्यात तर धड बोलणंही झालं नव्हतं आणि दोघांनीही एकमेकांचा नकार गृहीत धरला होता.

या प्रकरणातून प्रत्येक गप्प माणसाकडे जाण्याची वाट सापडते असा माझा दावा नाही. आधी बोलका असलेला माणूस अलीकडेच गप्प झाला असेल तर त्यामागे दुःख, आजार किंवा नैराश्य असू शकतं, तिथे अशा आडवाटेने जाण्यापेक्षा "बरं आहे ना?" हे सरळ विचारावं. वय झालेल्यांच्या बाबतीत कमी ऐकू येणं हेही कारण असतं, आणि ते सांगायला माणसं कचरतात. कुणाला खरंच एकटं काम करायला आवडतं. दोन-तीनदा वाक्य ठेवून पाहिलं आणि ते उचललं गेलं नाही, तर मागे यावं. आणि ज्यांना बोलण्याच्या भीतीने नोकरी, शिक्षण, बाहेर पडणंच अवघड झालं आहे, त्यांना वही आणि घड्याळ पुरणार नाही. त्याला सामाजिक चिंता विकार म्हणतात, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या बोधवर्तन उपचारपद्धतीने (सीबीटी) त्यात चांगला फरक पडतो, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा काही नाही.

माझं मुखदुर्बळपण गेलेलं नाही. अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी अजून कागदावर वाक्य लिहून घेते. काकाही काही दिवस दिवसभरात दहा शब्द बोलत नाहीत, आणि त्या दिवसांची आता मला धास्ती वाटत नाही.

अकराव्या आठवड्यातली शेवटची नोंद गुरुवारची आहे. काका पुठ्ठ्याला खळ लावत होते. ब्रश भांड्याच्या काठावर निथळत ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःहून विचारलं, "काय ऐकतेस गं दिवसभर त्याच्यात?"

त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि "तू" म्हणण्याचीही. कानाच्या पाळ्या तापल्या. वाक्य ओठांपर्यंत आलं आणि थबकलं. खरं सांगावं की एखादं गाणं सांगून वेळ मारून न्यावी, ठरेना. काका काहीच बोलले नाहीत. ब्रश उचलला नाही, दुसरं काही विचारलं नाही. नुसते बसून होते.

"काहीच नाही लागलेलं त्यात," मी म्हणाले.